हशा मिळाला, मग नंबर का नाही?

मागच्या अंकात टोस्टमास्टर्सबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं क्लबच्या स्पर्धांबद्दल, त्यातही ह्युमरस स्पीच (म्हणजे विनोदी भाषण) आणि इव्हॅल्युएशन या दोन स्पर्धांबद्दल. म्हणून हा अख्खा अंक त्याच प्रश्नांना देतेय. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोस्टमास्टर्स म्हणजे बोलायला शिकायचा क्लब, पहिला क्लब 1924 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी राल्फ स्मेडली या गृहस्थांनी वायएमसीए या संस्थेच्या तळघरात सुरू केला, आणि आज आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून कितीतरी गावांत, ऑफिसांत, कॉलेजांत असे क्लब चालतात. ठरल्या दिवशी भेटायचं, कुणी तयार भाषण करायचं, कुणी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलायचं, आणि प्रत्येक तयार भाषणानंतर एक जण उठून त्या भाषणाबद्दल बोलणार, काय जमलं, काय राहिलं, पुढच्या वेळी काय करून बघायचं. याला इव्हॅल्युएशन म्हणतात, आणि त्याचीसुद्धा स्पर्धा असते! क्लबमध्ये जिंकलात की एरिया (काही क्लबांचा गट), मग डिव्हिजन (काही एरियांचा), मग डिस्ट्रिक्ट. ह्युमरस आणि इव्हॅल्युएशन डिस्ट्रिक्टला संपतात, त्याच्या पुढे जगापर्यंत जाते ती फक्त इंटरनॅशनल स्पीचची स्पर्धा.

मी 13 वर्षं क्लबमध्ये आहे, स्पर्धक, टायमर, परीक्षक सगळं करून झालंय, त्यामुळे जे स्वतः बघितलंय तेच सांगतेय.

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांची आहे, कोल्हापूरची, सध्या नोकरीसाठी पुण्यात. माझं ह्युमरस स्पीच बाबांवर होतं. बाबा यूपीआय शिकले त्याचे किस्से, त्यांचं इंग्रजी, त्यांचं घोरणं, लग्नात फोटो काढायची त्यांची पद्धत. क्लबमध्ये पहिली आले. एरियाला लोक अक्षरशः खुर्चीवरून पडायचे बाकी होते, सगळ्यात जास्त हशा मलाच होता हे सगळ्यांनी सांगितलं, तरी मी तिसरी. जिंकलेल्या मुलाच्या भाषणात मोजून सहा-सात वेळा हसले लोक. असं कसं?

तुझं भाषण तू सोबत पाठवलंस हे फार बरं केलंस, दोनदा वाचलं, आणि घोरण्याच्या किश्श्याला मीसुद्धा मोठ्याने हसले. पण परीक्षकांनी जे केलं ते का केलं असेल तेही मला दिसलं.

ह्युमरस स्पीचच्या नियमातच लिहिलेलं असतं की भाषणाला एक विषय हवा, सुरुवात, मध्य, शेवट हवा, नुसती एकामागून एक विनोदांची माळ चालणार नाही. परीक्षकाच्या कागदावर प्रेक्षकांच्या प्रतिसादाला वेगळे गुण असतात हे खरं, पण ते एकूण शंभरातला एक भाग, बाकीचे गुण भाषण कसं बांधलंय, त्यातून काय पोचलं, आवाज, देहबोली, भाषा यात वाटलेले असतात. म्हणजे हशा मोजून नंबर काढायचा असता तर परीक्षकांची गरजच नव्हती, कुणीही मोजला असता.

आता तुझ्या भाषणाकडे येऊ. तू यूपीआयवरून इंग्रजीवर जातेस, इंग्रजीवरून घोरण्यावर, तिथून लग्नाच्या फोटोवर, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला नव्याने गाडीत बसायला लागतं. हसतो तो, पण कुठे चाललोय हे त्याला कळत नाही. आणि गंमत बघ, अख्ख्या भाषणातली सगळ्यात भारी गोष्ट तू दोन वाक्यांत उरकलीस. बाबा भाजीवाल्याला 40 रुपये पाठवतात आणि त्या छोट्या स्पीकरमधून "चाळीस रुपये प्राप्त झाले" असं ऐकू येईपर्यंत जागचे हलत नाहीत, मागे रांग लागली तरी हलत नाहीत, भाजीवाला म्हणतो काका आले पैसे, मोबाईलवर दिसतंय, तरी नाहीच. आणि मग भाषणात पार शेवटी, जाता जाता, तू सांगतेस की बाबा 34 वर्षं बँकेत कॅशियर होते.

अगं, हेच तर भाषण आहे! जो माणूस 34 वर्षं प्रत्येक गड्डी दोनदा मोजल्याशिवाय काउंटरवरून सरकवत नव्हता, बोट ओल्या स्पंजला लावून, ओठातल्या ओठात आकडे पुटपुटत, त्या माणसाच्या हातातून नोटाच गेल्या, मग आता दुसऱ्यांदा कोण मोजणार? तो स्पीकर मोजतो. म्हणून बाबा थांबतात. हे ज्या क्षणी ऐकणाऱ्याला कळेल ना, त्या क्षणी आधीचा सगळा हशा एकदम वेगळा होईल, लोक हसतील आणि घशाशी काहीतरी येईल त्यांच्या.

घोरणं काढ, फोटो काढ. इंग्रजी ठेवायचंच असेल तर ॲपमधल्या इंग्रजी मेसेजपुरतं ठेव. कॅशियरचं भाषणाच्या सुरुवातीलाच एकदा हळूच सांगून टाक, नोटा मोजायची ती हाताची हालचाल करून दाखव, काही बोलू नकोस त्याबद्दल. मग भाजीवाला, रिक्षा, देवळातली दानपेटी, त्या दानपेटीवरचा क्यूआर कोड (तिथे स्पीकर नसतो, मग बाबा काय करतात ते तूच लिहिलंयस आणि ते अप्रतिम आहे), आणि शेवटी ती हाताची हालचाल परत. बघ करून. हशा कमी होणार नाही, झाला तरी घाबरू नकोस.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय. डिव्हिजनला मला वेळेवरून बाद केलं. घरी भाषण बरोब्बर 6 मिनिटं 50 सेकंद होत होतं, वीस वेळा घड्याळ लावून बघितलं होतं. लोक हसत राहिले त्यात माझी काय चूक? हशाचा वेळ धरायला नको ना?

धरतात हो. तुम्ही बोलायला लागलात, किंवा बोलायच्या आधी काही हावभाव करून भाषण सुरू केलंत, तिथून घड्याळ सुरू, ते शेवटपर्यंत, मध्ये लोक हसोत, टाळ्या वाजवोत नाहीतर कुणाचा मोबाईल वाजो. ह्युमरस स्पीच 5 ते 7 मिनिटांचं, 5 ला हिरवा दिवा, 6 ला पिवळा, 7 ला लाल, आणि त्यावर 30 सेकंदांची सूट. साडेचार मिनिटांच्या आत संपवलंत तरी बाद, साडेसातच्या पुढे एक सेकंद गेलात तरी बाद.

तुमची खरी चूक घरी झाली, स्टेजवर नाही. घरी आरसा हसत नाही ना! विनोदी भाषण घरी 5 मिनिटं 20 सेकंद, फार तर साडेपाच भरलं पाहिजे, बाकीचा वेळ प्रेक्षकांचा, तो त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा. आणि मी एक गोष्ट नेहमी करते, भाषणाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक प्रसंग असा ठेवायचा की तो अख्खा उचलून बाजूला ठेवला तरी धागा तुटणार नाही, आणि पिवळा दिवा आपल्याला वाटला त्याच्या आधी दिसला की तो प्रसंग गाळून सरळ शेवटाकडे जायचं, याची घरी वेगळी प्रॅक्टिस करायची, दोन्ही प्रकारे, त्या प्रसंगासकट आणि त्या प्रसंगाशिवाय.

अजून एक, तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "वेळ जाऊ नये म्हणून मी हशातच पुढचं वाक्य बोलायला लागलो". असं कधीच करू नका प्लीज. लोक हसत असताना तुम्ही बोललात की पुढचं वाक्य कुणालाच ऐकू जात नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे लोकांना कळतं की याला आपलं हसणं नकोय, मग ते पुढच्या वेळी दाबून हसतात. हशा चढतो, वर जातो, आणि उतरायला लागतो, तो उतरायला लागला की बोलायचं, पूर्ण संपायची वाट बघायची नाही. हे वाचून येत नाही, पाच-सात वेळा माणसांसमोर केलं की कानाला समजायला लागतं.

आणि बाद झाल्याचं मनाला लावून घेऊ नका. निकालाच्या वेळी वेळेवरून कुणी बाद झालं का एवढंच सांगतात, नाव घेत नाहीत, तुम्ही स्वतः सांगितलं नसतंत तर मलाही कळलं नसतं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला एखादा जोक भाषणात वापरला तर चालतो का?

भाषणाचा 75 टक्के तरी भाग तुमचा स्वतःचा हवा, आणि उरलेल्यात दुसऱ्याचं काही घेतलंत तर ते दुसऱ्याचं आहे हे भाषणात सांगायला लागतं. म्हणजे नियमाने एखादा चालेल. पण समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी तो सकाळीच वाचलेला असतो, त्यामुळे माझं उत्तर सरळ नको असं आहे. तुमच्या स्वयंपाकघरात, ऑफिसात, लोकलमध्ये घडलेलं दुसऱ्या कुणाकडेच नसतं.

प्रश्न : माझा एक हुकमी किस्सा आहे, ऑफिसमधला एक जण बोलताना अडखळतो, त्याची नक्कल मी करतो, ऑफिसच्या पार्टीत प्रत्येक वेळी हिट. मेंटॉर म्हणतात काढ. हल्ली लोक उगाच सेन्सिटिव्ह झालेत असं नाही वाटत तुम्हाला?

नाही वाटत. मेंटॉरचं ऐका आणि आजच काढा.

नियम तर आहेच, आक्षेपार्ह भाषा, किस्से, मजकूर टाळा असं स्पर्धेच्या नियमात स्पष्ट म्हटलंय. पण नियम बाजूला ठेवा, मी काय बघितलंय ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लबमध्ये मी पाहुणी म्हणून गेले होते, तिथे एकाने अशीच नक्कल केली, अडखळत बोलण्याची, आणि छान करत होता तो, हॉल हसत होता. माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, त्याची क्लबमधली तिसरी का चौथी मीटिंग असेल. त्याच्या हातात टेबल टॉपिक्ससाठी, म्हणजे आयत्या वेळच्या विषयावर बोलण्यासाठी, स्वतःचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती, आत जाताना त्याने ती मला दाखवली होती, आज मी नाव देणार म्हणाला होता, आणि तेवढं वाक्य बोलायला त्याला वेळ लागला होता. नक्कल सुरू असताना त्याने ती चिठ्ठी घडी घालून, परत घडी घालून, खिशात ठेवली. त्या दिवशी त्याने नाव दिलं नाही. पुढे तो आला की नाही मला माहीत नाही कारण तो माझा क्लब नव्हता, पण ती चार घड्या घातलेली चिठ्ठी मी आजपर्यंत विसरलेले नाही.

या क्लबमध्ये माणसं येतात तीच मुळी बोलता येत नाही म्हणून. कुणाला भीती वाटते, कुणाचा शब्द अडकतो, कुणाला आपल्या गावाकडच्या उच्चारांची लाज वाटायला लावलेली असते. तिथे बोलण्यावरून कुणाला हसणं म्हणजे दवाखान्यात जाऊन पेशंटला हसणं झालं. बायकोच्या जाडेपणावरचे, रंगावरचे, अमक्या जातीचे तमक्या गावचे लोक असेच, असले सगळे किस्से याच खात्यात जातात माझ्या मते. तुमच्यात नक्कल करायची एवढी ताकद आहे ना, मग आपल्या साहेबांचा प्रेझेंटेशनचा आवाज काढा, सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस वाचायची पद्धत काढा, ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना हसा, त्यांचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मी नाशिकला शिक्षिका आहे, क्लबमध्ये दीड वर्ष. इव्हॅल्युएशन कॉन्टेस्टमध्ये पहिल्यांदा भाग घेतला. समोरच्या बाईंचं भाषण इतकं मन लावून ऐकलं, दोन पानं भरून लिहिलं, पण उभी राहिले आणि सगळं सांगायच्या नादात काहीच धड सांगता आलं नाही, शेवट करायच्या आत लाल दिवा. जिंकलेल्यांनी तर फक्त तीन गोष्टी सांगितल्या! चांगलं इव्हॅल्युएशन म्हणजे नेमकं काय?

बाई, तुमच्या प्रश्नासाठी मी सगळ्यात जास्त जागा राखून ठेवली होती, कारण माझ्या मते क्लबमधली सगळ्यात मोलाची स्पर्धा हीच आहे आणि तिच्याकडेच लोक सगळ्यात कमी बघतात.

तुम्ही शिक्षिका आहात, शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवा. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो", मग पाठ केलेलं भाषण, मग घंटा, मग निकाल, प्रमाणपत्र, पेढा. नंबर आला तर का आला आणि नाही आला तर का नाही हे कुणी कधी सांगितलं आपल्याला? मी सातवीत असताना एका स्पर्धेत मधेच विसरले, खाली येऊन बसले, आणि परीक्षक दोन तासांनी निघून गेले. पुढच्या वर्षी मी नाव दिलं नाही. कुणीतरी दोन मिनिटं शेजारी बसून सांगितलं असतं की पोरी, तू विसरलीस कारण तू शब्द पाठ केलेस, प्रसंग पाठ नव्हता, तर माझी पुढची पंधरा वर्षं वेगळी गेली असती. इव्हॅल्युएशन म्हणजे ती दोन मिनिटं.

आता स्पर्धा कशी चालते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एक टेस्ट स्पीकर येऊन 5 ते 7 मिनिटांचं भाषण करतो, सगळे स्पर्धक तेच भाषण ऐकतात. मग सगळ्यांना बाहेर नेतात, तयारीला 5 मिनिटं, आणि वेळ संपली की पहिला स्पर्धक सोडून बाकीच्यांचे कागद काढून घेतात, तुमची पाळी आली की तुमचा कागद तुम्हाला परत. बोलायला 2 ते 3 मिनिटं, दीडच्या आत किंवा साडेतीनच्या पुढे गेलात तर बाद. परीक्षकांच्या कागदावर शंभरातले 40 गुण विश्लेषणाला, 30 सूचनांना, 15 मांडणीच्या तंत्राला, 15 समारोपाला. म्हणजे बघा, 70 गुण कशाला, तर तुम्ही काय पाहिलंत आणि त्यावर काय सुचवलंत याला! ते तुम्ही बोलणाऱ्याला किती सांभाळून, उभारी येईल असं सांगितलंत हे 15 मध्ये आलं. तुमच्या बाबतीत लाल दिव्याने समारोप खाल्ला, म्हणजे तेवढे 15 गुण तर सरळ हातचे गेले.

तीन मिनिटांत किती गोष्टी मावतात? माझ्या हिशेबाने चार. दोन जमलेल्या, दोन सुधारायच्या, आणि शेवटची वीस-पंचवीस सेकंदं त्यांची मोळी बांधायला. दोन पानं लिहायला हरकत नाही, पण त्या 5 मिनिटांत पेन घेऊन त्यातलं खोडायचं. मी काय करते, भाषण ऐकताना पहिली दोन मिनिटं काहीच लिहीत नाही. नुसतं बघते, ऐकते, एक साधी श्रोती म्हणून, कारण मान खाली घालून लिहीत बसले तर बाईंचे हात काय करतायत ते मला कसं दिसणार? मग जिथे मला काहीतरी वाटलं, हसू आलं, कंटाळा आला, गोंधळ झाला, तिथे एक-दोन शब्द. का वाटलं ते बाहेरच्या 5 मिनिटांत शोधायचं.

सूचना कशी असावी ते एका उदाहरणाने सांगते, हे मी एका डिव्हिजनच्या स्पर्धेत परीक्षक असताना बघितलेलं आहे. टेस्ट स्पीकर बाईंनी त्यांच्या भावाबद्दल भाषण केलं होतं, लहानपणी दोघं एका सायकलवर शाळेत जायचे, पुढे भांडण झालं, नऊ वर्षं बोलणं नाही, आणि मग एके दिवशी भावाचा फोन. पहिल्या स्पर्धकाने सांगितलं, तुमचा आय कॉन्टॅक्ट थोडा वाढवा. दुसऱ्याने सांगितलं, आय कॉन्टॅक्टवर काम करा. तिसऱ्या बाई उठल्या, साध्याच, साडी, चष्मा, आवाज बारीक, आणि म्हणाल्या, "तुम्ही आम्हा सगळ्यांकडे छान बघत होतात, फक्त भावाचं नाव आलं की प्रत्येक वेळी तुम्ही डावीकडच्या खिडकीकडे बघितलंत. मला वाटलं भाऊ तिकडेच उभा आहे. पुढच्या वेळी भांडण सांगताना खिडकीकडेच बघा, ते खरं वाटतं, पण फोन आला ते सांगताना आमच्याकडे वळा, म्हणजे तो परत आला हे आम्हाला तुमच्या मानेवरूनच कळेल."

हॉलमध्ये पिन पडली असती तर ऐकू आली असती. दोष तोच होता, नजर जात होती. पहिल्या दोघांनी तो दोष सांगितला, तिसऱ्या बाईंनी त्या दोषातूनच भाषणाचा सगळ्यात सुंदर क्षण काढून दिला. आणि त्यांनी जे सांगितलं ते फक्त त्याच भाषणाला लागू होतं, दुसऱ्या कुठल्याही भाषणाला ते चिकटवता आलं नसतं. मी स्वतःची सूचना आता याच कसोटीवर घासते, ही दुसऱ्या भाषणाला चालेल का? चालत असेल तर अजून नीट बघितलेलं नाही मी.

सँडविच पद्धत तुम्हाला क्लबमध्ये शिकवलीच असेल, आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी परत कौतुक. नव्या माणसासाठी ठीक आहे, पण त्याचा साचा झाला की ऐकणारा पहिल्या कौतुकाला मान डोलावतो आणि मनात "आता 'पण' येणार" म्हणून वाट बघत बसतो. त्यापेक्षा भाषण जसं गेलं तसं जा. सुरुवातीला हे आवडलं, इथे मी थोडी हरवले, इथे असं करून बघितलं तर, शेवटाला परत सापडले. आणि कौतुकसुद्धा नेमकं हवं हो. "खूप छान भाषण झालं" यातून बोलणाऱ्याला काय कळलं? "सायकलची घंटी तुम्ही तोंडाने वाजवलीत तेव्हा मला माझी शाळेची वाट आठवली" यातून कळतं की घंटी ठेवायची.

प्रॅक्टिस कशी करायची हेही तुम्ही विचारलंय. तुमच्याकडे तर खाण आहे! रोज वर्गात कुणीतरी उभं राहून धडा वाचतं, उत्तर देतं, परिपाठाला बोलतं. एकेकाला एकच नेमकी गोष्ट सांगायची, वर्गासमोर चांगली, एकट्याला सुधारायची. एका सहामाहीत तुमचा कान असा तयार होईल की बस.

प्रश्न : आमचा क्लब लहान गावातला, सभासद 14. इव्हॅल्युएशन कॉन्टेस्टला दोनच नावं आलीत. स्पर्धा घ्यायची का रद्द करायची?

घ्या, अगदी घ्या. एरियात चार किंवा त्याहून कमी क्लब असतील तर प्रत्येक क्लबातून पहिले दोघं एरियाला जाऊ शकतात, म्हणजे कदाचित तुमचे दोघंही जातील, तुमच्या एरिया डायरेक्टरना विचारून घ्या. आणि उरलेले 12 काय रिकामे बसणार आहेत का, टायमर लागतात, मतं मोजणारे लागतात, स्पर्धा चालवायला कॉन्टेस्ट चेअर लागतो, टेस्ट स्पीकर लागतो, परीक्षक शेजारच्या क्लबमधून बोलवा, म्हणजे त्यांच्याशी ओळख होते. टेस्ट स्पीकर मात्र असा निवडा ज्याच्या भाषणात काही जमलेलं आणि काही न जमलेलं असं दोन्ही आहे. फार पट्टीचा वक्ता आणला की इव्हॅल्युएशन करणाऱ्यांची पंचाईत होते.

प्रश्न : एरियाला दुसरी आले, अर्ध्या गुणाने गेलं का पाच गुणांनी हे कळलं तर पुढच्या वर्षी तयारी करता येईल. परीक्षकांना गुण विचारले तर चालेल का? मी साताऱ्याची, वय 22.

नाही गं, गुण कुणालाच सांगत नाहीत, आणि निकाल जाहीर झाला की बॅलट, म्हणजे परीक्षकांचे गुणांचे कागद, नष्ट करतात. बरोबरीत कुणी अडकलं तर त्यासाठी एक वेगळा टायब्रेकिंग जज असतो, तो कोण हेही गुप्तच. मलाही पहिली काही वर्षं याचा राग यायचा. मग स्वतः परीक्षक झाले तेव्हा कळलं, माझ्या कागदावरचे आकडे मी त्या दिवशीच्या सहा जणांची आपापसात तुलना करायला लिहिलेले असतात, ते घरी नेऊन तुला काहीच उपयोग झाला नसता.

त्याऐवजी असं कर. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या तिघांना फोन कर, तुझ्या क्लबातला एक, दुसऱ्या क्लबातला एक, आणि एक असा जो टोस्टमास्टर नाही, कुणाच्या तरी सोबत आलेला नवरा, बहीण, मैत्रीण कुणीही. कसं झालं असं विचारू नकोस, छान झालं म्हणतील आणि फोन ठेवतील. विचार, "आता तुम्हाला माझ्या भाषणातलं काय आठवतंय?" आणि गप्प बस, त्यांना आठवू दे. मधे आठवण करून द्यायची नाही. जे तिघांनाही आठवलं ते ठेव, जे एकालाही आठवलं नाही ते कितीही आवडतं असलं तरी काढ. स्पर्धेला आठवडा झालाय म्हणतेस ना, अजून उशीर झालेला नाही, या रविवारी कर फोन, आणि काय आठवलं त्यांना ते मला नक्की कळव.